गाडी तापते? मिस्त्रीकडे जाण्याआधी बघा, ती नेमकी कधी तापते

नेसरी : सकाळी नेसरीतून निघालेली जुनी गाडी आजरा, आंबोली करत सावंतवाडीला विनातक्रार पोचते. काम उरकून संध्याकाळी माघारी फिरली, की दाणोली सोडल्यावर चढ सुरू होतो आणि निम्म्या घाटात तापमानाचा काटा ‘एच’कडे सरकायला लागतो. गाडीत म्हातारी माणसं, लहान पोरं, मागे सामान. कुणीतरी हमखास म्हणतं, “सकाळी तर काय नव्हतं झालं!”

सकाळी झालं नाही, कारण सकाळी उतार होता. आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटर उंचीवर आहे आणि सावंतवाडी खाली कोकणात. जाताना इंजिनाला फारसं काम नसतं, येताना तेवढंच वजन वर ओढायचं असतं. दोडामार्गाकडून तिलारी घाट चढून चंदगडला येतानाही हीच गोष्ट. दोष आधीपासून गाडीत असतो, घाट तो फक्त उघडा करतो.

गडहिंग्लज, आजरा, चंदगड तालुक्यांत आजही जुन्या गाड्या भरपूर आहेत. मारुती ८०० पहिल्यांदा १९८३ मध्ये रस्त्यावर आली आणि २०१४ च्या जानेवारीत तिचं उत्पादन थांबलं. म्हणजे सगळ्यात नवी ८०० सुद्धा आता दहा वर्षांच्या पुढची आहे. सुमो, ओम्नी, इंडिका, जीप यांतल्याही पुष्कळ गाड्या जुन्या आहेत. अशा गाड्या वाईट नाहीत, पण त्यांचे रबरी पाइप, रेडिएटर, पंप म्हातारे झालेले असतात. रात्री-अपरात्री पेशंटला गडहिंग्लज किंवा बेळगावला न्यायचं झालं तर शेजारची हीच गाडी दारात येते. म्हणून ती का तापते, हे मालकाला कळलं पाहिजे.

आधी समजून घ्या, पाणी फिरतं कसं

इंजिनात जळणाऱ्या इंधनाची सगळी ताकद चाकाला मिळत नाही. ढोबळमानाने एक तृतीयांश चाकाकडे जाते, एक तृतीयांश सायलेन्सरमधून बाहेर पडते आणि उरलेली उष्णता पाण्याने बाहेर काढावी लागते. नदीवर डिझेल इंजिन लावून पाणी उपसलेल्या शेतकऱ्याला हे वेगळं सांगायला नको. तिथेही इंजिनाचं पाणी बंद पडलं की इंजिन जाम व्हायला वेळ लागत नाही.

गाडीत वॉटर पंप कूलंट मिसळलेलं पाणी इंजिनात ढकलतो. ते तापून थर्मोस्टॅट व्हॉल्व्हपाशी येतं. हा व्हॉल्व्ह साधारण ८० ते ९० अंशांच्या दरम्यान उघडतो. मग पाणी वरच्या होज पाइपने रेडिएटरमध्ये जातं, बारीक नळ्यांतून उतरताना वाऱ्याने गार होतं आणि खालच्या पाइपने पुन्हा पंपाकडे येतं. गाडी पळत असेल तर वारा समोरून आपोआप मिळतो. उभी असेल तर फॅनने ओढावा लागतो.

यात रेडिएटरचं झाकणही महत्त्वाचं आहे. ते कुकरच्या झाकणासारखं काम करतं. आत दाब धरून ठेवल्यामुळे पाणी १०० अंशांवर उकळत नाही, जवळपास १२० अंशांपर्यंत टिकतं. झाकणाचं रबर किंवा स्प्रिंग गेली, की दाब राहत नाही, पाणी लवकर उकळतं आणि बाहेर पडतं. पुष्कळदा मोठा खर्च सांगितला जातो आणि दोष निघतो झाकणात.

काटा वर गेला तर रस्त्यावर काय करायचं

एसी चालू असेल तर लगेच बंद करा. गाडीला हीटर असेल तर तो पूर्ण चालू करून काचा खाली घ्या. हीटर म्हणजे छोटा रेडिएटरच, तो इंजिनाची थोडी उष्णता आत खेचतो. माणसांना गरम होईल, पण इंजिनाला उसंत मिळेल. मग वळण नसलेली, मागून येणाऱ्याला दिसेल अशी जागा बघून बाजूला घ्या आणि हजार्ड दिवे लावा.

वाफ दिसत नसेल आणि फक्त काटा वर असेल, तर न्यूट्रलमध्ये एक-दोन मिनिटं इंजिन चालू ठेवून बघा. काटा उतरला तर ठीक, नाही उतरला तर बंद करा. वाफ येत असेल, पाणी सांडत असेल किंवा गोडसर वास येत असेल तर एक मिनिटही न थांबता इंजिन बंद करा. “वर आंबोलीपर्यंत पोचू, मग बघू” हा हिशेब सगळ्यात महाग पडतो. काही शे रुपयांच्या पाइपाचं काम तेवढ्या दोन-चार किलोमीटरमध्ये इंजिनाच्या कामावर जातं.

हँडब्रेक ओढा, चाकाला दगड लावा. निघताना तो दगड रस्त्याच्या बाजूला टाकायला विसरू नका, मागून दुचाकीवाला येत असतो.

झाकण गरम असताना उघडायचं नाही. कितीही घाई असली तरी नाही. आत दाबाखाली १०० अंशांच्या वरचं पाणी असतं. झाकण फिरवलं की दाब एकदम सुटतो आणि उकळतं पाणी, वाफ थेट तोंडावर, हातावर येते. किमान अर्धा ते पाऊण तास थांबा. वरचा होज पाइप हाताने दाबून बघा. तो मऊ आणि कोमट लागला तरच झाकणावर जाड ओलं फडकं घालून, तोंड बाजूला ठेवून, आधी पहिल्या खाचेपर्यंत सैल करा. फुस्स आवाज पूर्ण थांबल्यावर मग काढा. विजेवर चालणारा फॅन इंजिन बंद असतानाही अचानक सुरू होऊ शकतो, त्यामुळे पदर, ओढणी, बोटं लांब ठेवा.

आणखी एक. तापलेल्या इंजिनावर बाहेरून पाणी मारू नका आणि आतही एकदम गार पाणी ओतू नका. पुष्कळ गाड्यांचं हेड ॲल्युमिनियमचं असतं. ते एकदम गार झालं तर वाकतं किंवा तडकतं. इंजिन निवल्यावर, ते चालू ठेवून, थोडं थोडं पाणी भरा. अडचणीत झऱ्याचं पाणीही चालतं, पण गावी आल्यावर ते काढून टाकायचं.

दोष कुठे आहे? ‘कधी तापते’ यावरून ओळखा

मिस्त्रीकडे जाऊन “गाडी तापतीया” एवढंच सांगितलं, तर तो अंदाजाने एकेक पार्ट बदलत जातो. नेमकी कधी तापते हे सांगितलं, तर निम्मं काम तिथेच होतं.

१. उभी असताना तापते, पळाली की गार होते. बाजाराच्या दिवशी गर्दीत काटा वर जातो आणि गाव सोडून मोकळ्या रस्त्याला लागलं की खाली येतो. हा फॅनचा दोष. मारुती ८०० किंवा इंडिकासारख्या गाडीत फॅन विजेच्या मोटरवर असतो. फ्यूज, रिले, वायरचा जोड, तापमान ओळखणारा स्विच आणि शेवटी मोटर, या क्रमाने तपासा. बहुतेक गाड्यांत एसी लावला की फॅन फिरतो. एसीवर फिरतो पण तापल्यावर फिरत नाही, म्हणजे मोटर चांगली आहे, दोष स्विच किंवा सेन्सरकडे आहे. जुन्या जीप, बोलेरोसारख्या गाड्यांत फॅन बेल्टवर फिरतो. तिथे बेल्ट सैल आहे का, फॅनचा क्लच धरतो का, आणि फॅनभोवतीचं प्लास्टिकचं कडं जागेवर आहे का, ते बघा. हे कडं तुटलं म्हणून काढून टाकलेलं असतं. ते नसेल तर फॅन रेडिएटरमधून वारा ओढण्याऐवजी आजूबाजूचाच वारा घुसळत बसतो.

२. घाटात, ओझ्यावर किंवा वेगात तापते, गावात काही नाही. इथे रेडिएटरवर संशय घ्या. बाहेरून जाळीत चिखल, किडे, पाचटाची कुसळं बसलेली असतात. ती मागच्या बाजूने साध्या नळीच्या पाण्याने धुवा. वॉशिंग सेंटरचा जोराचा फवारा जवळून मारला तर जाळीच्या पात्या वाकतात आणि उलटं नुकसान होतं. पुढे लावलेले जादा दिवे, मोठा हॉर्न, बोर्ड वारा अडवत नाहीत ना, तेही बघा. बाहेरून स्वच्छ असेल तर आतल्या नळ्या क्षाराने बुजलेल्या असू शकतात. इंजिन बंद करून थोडं निवल्यावर, पण रेडिएटर अजून कोमट असताना, त्यावर जपून हात फिरवा. मधेच एखादा पट्टा बाकीच्या भागापेक्षा गार लागला तर तिथून पाणी फिरत नाही. तांब्या-पितळेच्या जुन्या रेडिएटरची आतून सफाई करता येते, डाग मारता येतो. प्लास्टिक टाकी आणि ॲल्युमिनियम जाळीचा रेडिएटर बहुतेक वेळा बदलावाच लागतो.

खालचा होज पाइपही इथेच बघा. जुना, मऊ पडलेला पाइप इंजिन रेस केल्यावर पंपाच्या ओढीने चिमटतो आणि पाणी अडतं. कधी दोष पाण्यात नसतोच. ब्रेक चिकटून चाक तापत असेल किंवा क्लच घसरत असेल तर इंजिनावर फुकटचा भार पडतो आणि काटा वर जातो.

३. चालू केल्यावर पाच-दहा मिनिटांतच तापते. थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला असेल, पंप पाणी फिरवत नसेल, पाणीच कमी असेल किंवा आत हवा अडकली असेल. काटा वर आहे, वरचा पाइप गरम आहे आणि खालचा अगदी गार, असं दिसलं तर थर्मोस्टॅट काढून तपासा. जुन्या भांड्यात पाणी उकळून त्यात तो सोडा. चांगला असेल तर डोळ्यांदेखत उघडतो आणि गार झाल्यावर मिटतो. पाणी बदलल्यानंतर लगेच तापायला लागली असेल तर बहुधा हवा अडकली आहे. झाकण उघडं ठेवून गार इंजिन चालू करायचं, बुडबुडे निघून जातील तसं पाणी भरत राहायचं.

४. पाणी रोज कमी होतं. रात्री गाडीखाली पुठ्ठा अंथरा. सकाळी डाग कुठे पडला यावरून गळती सापडते. पाइपाच्या क्लिपा, रेडिएटरचे सांधे आणि वॉटर पंपाच्या खालचं बारीक भोक बघा. त्या भोकातून पाणी झिरपत असेल तर पंपाचं सील गेलं. पायाखालची मॅट ओली आणि गोडसर वासाची असेल तर हीटरची जाळी गळते.

५. पाणी कमी होतं, पण गळती कुठेच नाही. ही सगळ्यात काळजीची गोष्ट. पाणी इंजिनात जात असावं, म्हणजे हेड गॅस्केट गेलेलं असू शकतं. गार गाडी चालू करून दोन मिनिटांत वरचा पाइप दगडासारखा टणक होतो, झाकण उघडं ठेवून इंजिन चालवलं तर बुडबुडे थांबतच नाहीत, इंजिन तापल्यानंतरही सायलेन्सरमधून पांढरा धूर येत राहतो, ऑइल दुधाच्या चहासारखं दिसतं. यातली दोन लक्षणं जुळली तर गाडी चालवू नका. ओढून न्या. हेड उतरवलं की नुसतं गॅस्केट बदलून भागत नाही. हेड वाकलं आहे का ते सरळपट्टीवर तपासून, लागलं तर फेसिंग करून घ्यावं. नाहीतर तेच काम पुन्हा निघतं.

काट्यावर किती विश्वास ठेवायचा?

जुन्या गाडीचा काटाही खोटं बोलतो. गार गाडीची चावी फिरवल्याबरोबर काटा थेट ‘एच’वर गेला तर इंजिन तापलेलं नाही, सेन्सरची वायर कुठेतरी बॉडीला चिकटली आहे. पण उलटी गोष्ट जास्त धोक्याची आहे. पाणी पूर्ण संपलं की सेन्सर कोरडा पडतो आणि काटा चक्क खाली येतो. तापलेल्या गाडीचा काटा अचानक उतरला, इंजिनाचा आवाज बदलला, ताकद कमी झाली, तर “गार झाली वाटतं” म्हणून निवांत होऊ नका. थांबा.

दोन जुगाड, दोन्ही महाग

पहिला म्हणजे थर्मोस्टॅट काढून टाकणे. “आपल्याकडं थंडी कुठं हाय, काढून टाका” असं सर्रास सांगितलं जातं. काढल्यावर इंजिन लवकर तापतच नाही, थंड इंजिन डिझेल-पेट्रोल जास्त खातं आणि झीज वाढते. काही इंजिनांत तर थर्मोस्टॅट नसला की बरंचसं पाणी रेडिएटरकडे न जाता मधल्या वाटेने परत फिरतं आणि घाटात गाडी उलट जास्त तापते. शिवाय खरा दोष झाकला जातो.

दुसरा म्हणजे फॅन डायरेक्ट करणे. स्विच खराब झाला म्हणून फॅनला थेट वायर जोडून डॅशबोर्डवर बटण दिलं जातं. घरी पोचण्यापुरतं हे ठीक. कायमचं ठेवलं तर एक दिवस घरातला दुसरा कुणी गाडी नेतो, बटण दाबायचं त्याला माहीत नसतं आणि हेड जातं. वायर जाड आणि फ्यूज लावलेली नसेल तर ती वितळून आग लागण्याचीही भीती असते.

साधं पाणी की कूलंट?

कूलंट फक्त बर्फाच्या मुलखात लागतं हा गैरसमज आहे. त्यामुळे पाणी उशिरा उकळतं आणि आत गंज धरत नाही. बोअरच्या क्षाराच्या पाण्याने गीझर, हंडा यांत पांढरा थर बसतो, तोच थर रेडिएटरच्या नळ्यांत बसतो. घट्ट कूलंट डब्यावर लिहिलेल्या प्रमाणात डिस्टिल्ड पाण्यात, म्हणजे बॅटरीत घालतात त्या पाण्यात, मिसळा. तयार मिसळलेलं असेल तर त्यात आणखी पाणी घालू नका. हिरवं आणि लाल एकमेकांत मिसळू नका. बाटलीत पातळी ‘मिन’ आणि ‘मॅक्स’ रेघांच्या मधे ठेवा. बाटली भरलेली आहे म्हणजे रेडिएटर भरलेला आहे असं नाही. आठवड्यातून एकदा, सकाळी गार असताना, झाकण काढूनही बघा.

काढलेलं कूलंट अंगणात, गोठ्याजवळ ओतू नका. बहुतेक कूलंटमध्ये इथिलीन ग्लायकॉल असतं. चवीला गोड, पण विषारी. कुत्री-मांजरं ते चाटतात आणि मरतात. जनावरांना आणि लहान पोरांनाही धोका तोच. डबा पाण्याच्या बाटलीत भरून ठेवण्याची चूक तर अजिबात नको.

जुनी गाडी घेताना

सेकंडहँड गाडी बघायला जाताना मालकाला आधीच सांगा, गाडी चालू करून ठेवू नका. गार गाडीचं झाकण उघडा. आत तांबडं गंजाचं पाणी किंवा तेलाचा तवंग दिसला तर विचार करा. मग चालू करून वीस मिनिटं उभी ठेवा. काटा मधोमध येऊन थांबला पाहिजे आणि फॅन सुरू होऊन बंद झाला पाहिजे. काटा वर येतच नसेल तर थर्मोस्टॅट काढलेला असू शकतो. तो का काढला, हे विचारा. शक्य असेल तर चढाच्या रस्त्यावर चालवून बघा, सपाटीवरची फेरी काही सांगत नाही.

मिस्त्रीला सांगायच्या चार गोष्टी

उभी असताना तापते की चढाला? सुरू केल्यावर किती वेळाने? आठवड्याला पाणी किती घालावं लागतं? शेवटी कोणता पार्ट बदलला? एवढं मोबाइलमध्ये लिहून ठेवा. मग आधी झाकण, पाणी, क्लिपा, बेल्ट, फ्यूज तपासा, त्यानंतर थर्मोस्टॅट, मग रेडिएटर आणि पंप, आणि हेड सगळ्यात शेवटी. स्वस्तातलं आधी, महागातलं नंतर.

घाट उतरण्याच्या आदल्या सकाळी दहा मिनिटं काढून पाणी, पाइप आणि बेल्ट बघितला, गाडीत पाच लिटर पाणी, एक जाड फडकं आणि जादा क्लिप ठेवली, तर परतीचा चढ जड जात नाही. चढताना खालच्या गिअरमध्ये चालवा. वरच्या गिअरमध्ये ओढत नेली तर पंप आणि बेल्टवरचा फॅन हळू फिरतो आणि भार मात्र वाढतो. आणि काटा निम्म्याच्या वर सरकताना दिसला, तर तो ‘एच’ला टेकायची वाट न बघता गाडी बाजूला घ्या.